माणिकबाईच्या कपाळाचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी तेलाची डबी आहे. डबी म्हटल्यावर खोबरेल तेलाची बाटली डोळ्यांपुढे आली असेल तर ती आधी बाजूला ठेवा. मी पितळेची आहे, आवळ्याहून थोडी मोठी, फिरकीच्या झाकणाची. माझ्या पोटात कापसाचा बोळा असतो आणि त्या बोळ्यात आजाऱ्यांचं तेल. ख्रिस्ती घरातलं कोणी फार आजारी पडलं की फादर येतात, माझं झाकण उघडतात, अंगठा बोळ्यावर दाबतात आणि आजाऱ्याच्या कपाळावर व तळहातांवर क्रूस काढून प्रार्थना म्हणतात. एवढंच माझं काम. दिसायला सोपं आहे, पण ते वेळेवर व्हावं लागतं. ते वेळेवर झालं नाही, म्हणून माझं तोंड कडू झालं आहे. गोड गोड आत्मवृत्त ऐकायचं असेल तर एखाद्या छत्रीकडे नाहीतर फळ्याकडे जा. ते तुम्हाला खूश करतील.

माझा जन्म अकोल्याचा. तिथल्या एका गल्लीत वाहेदभाई नावाचे कारागीर अत्तराच्या आणि सुरम्याच्या डब्या घडवत. माझ्याबरोबर घडलेल्या बहिणी सगळ्या अत्तराला गेल्या. मलाही वाटत होतं की आपल्या पोटात गुलाब नाहीतर मोगरा भरतील आणि आपण लग्नाघरी मिरवू. पण एक दिवस पांढऱ्या झग्यातले, घामाघूम झालेले फादर बोनिफास दुकानात आले. ते मूळचे मंगळूरचे, पण मोर्शीकडच्या खेड्यांत मिशनचं काम करता करता झकास वऱ्हाडी बोलायला लागले होते. त्यांनी मला उचलून झाकण फिरवून पाहिलं.

"पादरीसाब, इत्र रखोगे क्या इसमें?" वाहेदभाईंनी विचारलं.

"नाही भाऊ. आजारी मानसाले लावाचं तेल."

वाहेदभाईंनी मला परत हातात घेतलं. "फिर रुको. बीमार का तेल रस्ते में गिरना नहीं चाहिए." त्यांनी झाकणाचे आटे पुन्हा घासले, आतून कलई केली आणि पाणी भरून मला उलटं धरलं. थेंब पडला नाही तेव्हाच त्यांनी मला फादरांच्या हातात दिलं. अत्तर नशिबात नव्हतं, पण त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही. आपण कुणाच्या तरी दुखण्यात उपयोगी पडणार आहोत, याचा जरा अभिमानच वाटला.

फादर बोनिफास यांच्याकडे सायकल होती, पुढे एक खटारा मोटरसायकल आली. माझी जागा त्यांच्या झग्याच्या खिशात, जपमाळेशेजारी. त्यांचा एक नियम होता. आजाऱ्याचं बोलावणं आलं की पुढ्यातलं ताट तसंच झाकून ठेवायचं आणि निघायचं. स्वयंपाकी इंदूबाई चिडायच्या. "फादर, दोन घास तं खाऊन जा! तो काय पळून जाते का?" फादर हसत म्हणायचे, "हो वो, तोच तर पळून जाते. वरन थंडं झालं तरी चालते." आणि सायकलवर टांग टाकायचे.

किती घरं पाहिली मी त्या काळात! विहिरीवरून पडलेला माणूस, बाळंतपणात ताप चढलेली बाई, छातीत कळ आलेले मास्तर. आणि हे नीट ऐका, मित्रांनो, कारण पुढं याच्यावरून सगळं बिघडलं: त्यातले पुष्कळ जण बरे झाले. मास्तर तर नंतर कित्येक वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवत होते. आजाऱ्यांचं तेल हे मरणाचं तेल नाही. ते आजारी माणसाला बळ यावं, मनाला शांती मिळावी म्हणून आहे. तुला एकट्याला सोडलेलं नाही, एवढं त्याला त्या तेलातून कळावं लागतं.

पण माणसं फार हुशार. मोर्शीच्या पुढं सावरटेक नावाचं गाव आहे, तिथं आमची पंधरा-वीस ख्रिस्ती घरं. त्या गावात पंजाबराव नावाचे गृहस्थ आजारी पडले. घरच्यांनी आज बोलावू, उद्या बोलावू करत फादरांना अगदी शेवटच्या घटकेला बोलावलं. फादर धावत आले, तेल लावलं, आणि ते अंगणाच्या बाहेर पडतात न पडतात तोच पंजाबराव गेले. झालं! गावात बोभाटा झाला की फादरांनी तेल लावलं आणि माणूस गेला. तेव्हापासून लोक मला भ्यायला लागले. माणूस अगदी घरघर लागेपर्यंत कुणी फादरांना बोलावेना. मग साहजिकच तेल लावल्यावर माणसं मरायला लागली, आणि लोक एकमेकांना म्हणायला लागले, पाहा, आम्ही सांगत होतो ना! माझ्यावरचा हा आळ मी आजवर वागवते आहे. मला बोलता येत असतं तर एकेकाला चांगलं सुनावलं असतं.

त्या गावात मला न भिणारी एकच बाई होती, माणिकबाई. पंजाबराव तिचे थोरले दीर. नवरा देवमन संत्र्याच्या बगिच्यांत कलमं बांधायचा, ती स्वतः वेचणीला जायची. वेचणीतला मूठभर चांगला कापूस ती दरवर्षी बाजूला काढायची, बोटांनी सरकी वेगळी करायची, आणि पवित्र आठवडा जवळ आला की स्वच्छ फडक्यात बांधून फादरांना द्यायची. "आमच्या डबीले," म्हणायची. माझ्या पोटात वर्षानुवर्षं तिच्याच हातचा बोळा होता. आणि दरवेळी ती एक गोष्ट बजावून सांगायची. "फादर, मी आजारी पडली का मले आधी तेल लावजा. मले समजून राहिलं पाह्यजे, तोंडानं आमेन म्हनता आलं पाह्यजे. त्या पंजाबभाऊजीसारखं बेसुद नाई."

"माह्या माय, तुझ्यासाठी तर मी पळत येईन," फादर बोनिफास म्हणायचे. पण तिच्या आधी तेच गेले. शेवटी त्यांच्याही कपाळाला माझंच तेल लागलं, आणि ते पूर्ण शुद्धीत आमेन म्हणाले.

आता हे तेल येतं कुठून ते सांगते. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात अमरावतीच्या मोठ्या चर्चमध्ये एक खास मिस्सा, म्हणजे उपासना, होते. आमच्याकडे तिला तेलाची मिस्साच म्हणतात. अकोल्याकडून, यवतमाळकडून, मेळघाटातून, जिथून तिथून सगळे फादर येतात. मोठ्या बरण्यांत ऑलिव्हचं तेल ठेवलेलं असतं. एक आजाऱ्यांचं, एक बाप्तिस्मा घेणाऱ्यांचं, आणि एक सुगंधी, ज्यात बिशप बाल्सम नावाची सुवासिक राळ मिसळतात आणि वरून फुंकर घालतात. वर्षभर सगळ्या चर्चना तेच तेल पुरतं. आणि त्याच मिस्सेत सगळे फादर उभे राहून दीक्षेच्या दिवशी दिलेली वचनं पुन्हा देतात, की आम्ही स्वतःचं पाहणार नाही, लोकांची सेवा करू. बिशप विचारतात, तयार आहात का? सगळे एका आवाजात म्हणतात, तयार आहोत. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझं झाकण थरथरलं होतं. एवढी माणसं एका वेळी खरं बोलत आहेत असं मला वाटलं होतं.

फादर बोनिफास यांच्यानंतर दोन-तीन फादर आले नि गेले, मग फादर किशोर आले. अकोल्याचे, तरुण, गोड गळ्याचे. पोरांना गिटार शिकवत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. वाईट असता तर मला एवढा राग आला नसता. त्यांनी आल्या आल्या तेलासाठी प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या, वर छापील चिठ्ठ्या लावलेल्या, आणि मला टेबलाच्या खणात टाकलं. तिथं संपलेली पेनं, जुन्या किल्ल्या आणि एक मेलेली पाल यांच्याबरोबर मी पडून राहिले. पितळ काळवंडलं. शेवटी माणिकबाईनंच आवाज केला. कुणाच्या तरी घरी तिनं फादरांच्या हातात ती बाटली पाहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "फादर, हे काय डोळ्यात टाकाचं औषध हाय का? आमच्या डबीले काय झालं?" फादर किशोर ओशाळून हसले आणि मला बाहेर काढलं. चिंच लावून तिनंच मला घासलं.

आता खरी गोष्ट. यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात माणिकबाई आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. अमरावतीच्या डॉक्टरांनी वय पाहून घरी न्यायला सांगितलं. मुलगा अनुप संत्र्याच्या गाडीवर ड्रायव्हर, वरूडहून माल भरून लांब लांब जायचा. तो गाडी सोडून घरी बसला. आईची सेवा केली नाही असं मी म्हणणार नाही. औषध, गरम पाणी, सगळं केलं त्यानं. फक्त ती जे मागत होती ते केलं नाही. ती म्हणायची, फादरले बोलाव. तो म्हणायचा, बोलावू ना, काय घाई हाय. हे मला नंतर त्याची बायको सीमा हिच्या तोंडून कळलं, ती रडत रडत सांगत होती. "मी ह्यांले म्हनलं, फादरले बोलावा म्हनून. तं म्हने, फादर तेल घेऊन दारात आला का गाव म्हनन अनुपनं मायची आशा सोडली. म्हने, माह्या हातानं मी मायले कसं मारू?"

आता सांगा, यावर काय बोलायचं! आईवर जीव होता म्हणून त्यानं आईची एकुलती एक मागणी मोडली.

माझ्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. पवित्र आठवड्याच्या सुरुवातीला झावळ्यांचा रविवार असतो. त्या दिवशी फादर किशोर सावरटेकला मिस्सेला गेले होते. कुणीतरी सांगितलं, माणिकबाई आजारी आहे. फादर तिच्या दारापर्यंत गेले. मी त्यांच्या खिशात होते. पोटात तेल होतं. सीमा दारात आली, पदर सावरत.

"आई झोपल्या हायेत फादर. बरं हाय आता."

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "कोन हाय वो? फादर हाय का?"

सीमानं मान खाली घातली. मागं अनुप उभा होता. म्हणाला, "झोपेत बडबडते फादर. तुमी काहून तकलीफ घेता, बुधवारी-गुरुवारी या निवांत." फादरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुसऱ्या गावी मिस्सा होती, लोक वाट पाहत होते. "बरं, बुधवारी येतो. त्यांना सांगा, प्रार्थना करतोय," म्हणाले आणि वळले. दारापासून तिच्या खाटेपर्यंत कितीसं अंतर होतं! मी खिशात मोबाइलवर आपटून आवाज केला म्हणा, की फादर वळले म्हणून झाला म्हणा. कुणी ऐकलं नाही.

सोमवारी फादरांनी रिवाजाप्रमाणे मला रिकामं केलं. नवं तेल येणार म्हणून जुनं तेल वेदीजवळच्या दिव्यात ओततात, जुना बोळा जाळतात. माणिकबाईनं दुखण्यात पडण्याआधीच पाठवलेला नवा कापूस त्यांनी माझ्यात भरला. मंगळवारी सकाळी ते मला खिशात घालून बसनं अमरावतीला निघाले. दुसऱ्या बाजूच्या खिशात जपमाळ असते. माझ्या शेजारी आता मोबाइल असतो.

चर्च गच्च भरलं होतं. पांढऱ्या झग्यांची रांगच्या रांग. बाकीच्या फादरांनी आपापल्या बाटल्या आत टेबलावर मांडल्या होत्या. आमचे फादर गडबडीत मला खिशातच विसरले. मिस्सा सुरू झाली, गाणी झाली, प्रवचन झालं, आणि वचनांची वेळ आली. बिशपांनी पहिला प्रश्न विचारला आणि माझ्या शेजारचा मोबाइल गुरगुरायला लागला. आवाज बंद होता, पण तो थरथरत होता आणि त्याच्याबरोबर मी थरथरत होते. फादरांनी झग्यावरून हात दाबला. "तयार आहोत," सगळ्यांबरोबर म्हणाले. मोबाइल थांबला. दुसरा प्रश्न आला. मोबाइल पुन्हा सुरू झाला. फादरांनी पुन्हा हात दाबला. "तयार आहोत." त्या हाताखाली मी होते, मित्रांनो. खरं वचन देणाऱ्या आणि खोटं वचन देणाऱ्या हाताची धग सारखीच लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

मिस्सा सुटल्यावर मला भरलं गेलं. एक सिस्टर नरसाळ्यानं तेल ओतत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या एका फादरांनी मला पाहून हसत म्हटलं, "किशोर, ही कुठल्या खोदकामात सापडली?" पोटात नवं तेल उतरत होतं, नवा कापूस ते पीत होता. मग कुठं फादरांनी बाहेर येऊन फोन लावला.

"फादर, आई लय सिरीयस हाय," अनुपचा आवाज मला लख्ख ऐकू आला. "श्वास लागून राहिला. तुमालेच बोलावून राहिली. या लवकर, माह्याच्यानं नाई पाहवत आता."

"आलोच. निघालोच," फादर म्हणाले.

आणि ते खरंच निघाले होते. फाटकापर्यंत गेले होते. तिथं त्यांच्याबरोबर शिकलेले अकोल्याचे दोघे-तिघे फादर भेटले. वर्षातून एकदा भेट. आमचे फादर त्या मिशनच्या घरात एकटे राहतात, संध्याकाळी बोलायला माणूस नसतो, हे मला माहीत आहे. मित्रांनी गळ्यात हात टाकला. "अरे, जेवण तयार आहे. बसनं कशाला मरतोस? मला वरूडला जायचंच आहे, गाडीनं सोडतो तुला. बसच्या आधी पोचशील." दुसरा म्हणाला, "म्हातारी माणसं अशीच घाबरवतात रे. मागच्या वर्षी मी तीनदा धावलो एका आजोबांसाठी, ते अजून तंबाखू खातायत." सगळे हसले. फादर किशोरही हसले. गाडीनं लवकर पोचू, हा हिशोब काही चूक नव्हता.

उपवासकाळ म्हणून जेवण साधं होतं. साधं म्हणजे दोन भाज्या, पोळ्या, मठ्ठा, आणि वर संत्र्याची बर्फी. मग काही ज्येष्ठ फादरांचा सत्कार झाला. मग फोटो. मग गाडीवाल्या फादरांना कुणाशी तरी महत्त्वाचं बोलायचं होतं. मोबाइल मध्ये मध्ये थरथरत होता. फादर दर वेळी म्हणत, "हो हो, निघतोय." जवळच्या गावातला दुसरा एखादा फादर पाठवावा, तर कुठून पाठवणार? सगळ्या मुलखातले फादर त्या एका हॉलमध्ये बसून बर्फी खात होते. सकाळी सेवेचं वचन दिलेले सगळेच्या सगळे. आणि आजाऱ्यांचं ताजं तेल पोटात घेऊन मी एका खिशात अंधारात बसले होते. चीड चीड झाली माझी, पण डबीला पाय नसतात.

आम्ही सावरटेकला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. गल्लीच्या तोंडाशीच बायांचा आवाज ऐकू आला. फादर पळायला लागले. आता पळून काय उपयोग! आत खाटेवर माणिकबाई होती, हनुवटी फडक्यानं बांधलेली. ती गेल्याला बराच वेळ झाला होता. सीमा भिंतीला डोकं टेकून रडत होती. समोरच्या खाटेवर तिचा नवरा देवमन बसला होता, हात मांडीवर ठेवून. तो रडतही नव्हता.

फादरांनी तिचं मनगट धरलं, मग सोडलं. तेवढ्यात अनुपनं बायांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"फादर, लावा तेल."

"अनुप, ते आता लावता येत नाही. ते जिवंत माणसासाठी असतं. मी प्रार्थना म्हणतो ना, मेलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना आहे."

"ते मले नका सांगू. चांदूरची मावशी येऊन राहिली, बडनेऱ्याचे सगळे येऊन राहिले. आल्याबरोबर इचारतीन, तेल लागलं का? काय सांगू मी? जनमभर जिनं चर्चच्या डबीले कापूस देल्ला ते बिना तेलाची गेली, असं सांगू?"

"पण खोटं कसं..."

अनुपचा आवाज खाली आला. "सकाळपासून फोन करून राहिलो मी तुमाले. तेबी सांगू का मंग?"

नियम मला पाठ आहे. जीव आहे की गेला अशी शंका असेल तर तेल लावता येतं. इथं शंका नव्हती. फादर किशोर यांनी खिशात हात घातला. माझं झाकण फिरवून उघडलं. त्यांनी अंगठा माझ्या कापसावर दाबला आणि माणिकबाईच्या कपाळावर क्रूस काढला. मग तळहातांवर. ओठ हलत होते, शब्द मला ऐकू आले नाहीत. जिवंत कपाळ कसं लागतं, हे मी अंगठ्यावरूनही ओळखते. तापानं फणफणलेलं असो नाहीतर घामानं गार पडलेलं असो, ते तेल घेतं. हे कपाळ काही घेईना. तेल वरच राहिलं आणि उजेडात चमकायला लागलं.

अनुपनं दार उघडलं. "फादर आले होते बापा वेळेवर," तो अंगणात मोठ्यानं म्हणाला. "तेल लागलं मायले. नवं तेल, आजचंच." नुकत्याच आलेल्या बायांनी छातीवर क्रूस केला. आतून बाहेर काढलेल्या बायांना सगळं माहीत होतं, पण त्यांनीही माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "किती पुण्यवान वो! पवित्र आठवड्यात गेली, ताज्या तेलानं गेली." सगळ्यांची नजर फादरांकडे गेली. एकच वाक्य बोलायचं होतं त्यांना. ते काही बोलले नाहीत. मला मुठीत धरून नुसते उभे राहिले.

मला वाटलं, संपलं. आता हे खोटंच सगळीकडे सांगितलं जाणार. फादर खोटे, अनुप खोटा, आणि त्या दोघांच्या मधली मी, आशीर्वादाच्या तेलानं भरलेली, मीही खोटी.

तेव्हा खाटेवरून देवमनचा आवाज आला. "फादर, इकडे या."

फादर जवळ गेले. त्यांच्या मागोमाग दारातली माणसंही आत आली.

"मले बी तेल लावा," देवमन म्हणाला.

अनुप पुढं झाला. "बाबा, तुमाले काय झालं? तुमी तं चांगले हाय!"

"म्हनूनच म्हनून राहिलो."

"काका," फादर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आजारी नाही आहात. अजून वेळ आहे. गरज पडली की मी येईन ना."

"तिले बी लय वेळ होता," देवमन म्हणाला. "रविवारी होता. सोमवारी होता. आज दुपारपर्यंत होता. दाराकडे पाहून राहिली होती. मले इचारे, आले का हो? मी म्हनो, येऊन राहिले. लय डाव म्हनलं. मंग तिनं इचारनंच सोडलं."

अनुपनं बापाचा दंड धरला, "बाबा, चूप बसा ना," पण म्हाताऱ्यानं तो हात अलगद बाजूला केला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. त्यानं डोक्यावरचं उपरणं काढलं आणि कपाळ पुढं केलं.

"फादर, हा पोरगा तुमाले बोलावत नाई. बोलावलं तं तुमी येत नाई. आज तुमी हाय, तेल हाय, आन मी जित्ता हाय. हे तिन्ही एका जाग्यावर पुन्हा कवा येतीन? लावून टाका."

सीमानं तोंडात पदर कोंबला. चांदूरची मावशी नुकतीच दारात पोचली होती, ती तिथंच उभी राहिली. फादर किशोर गुडघ्यांवर बसले. म्हातारपण हेही तेल लावायला पुरेसं कारण आहे, एवढा नियम त्यांना आठवला असावा. त्यांचा अंगठा माझ्यात बुडाला तेव्हा त्याच्याबरोबर त्यांच्या डोळ्यांतलं पाणीही माझ्यात पडलं. देवमनचं कपाळ कोरडं, सुरकुतलेलं आणि ऊन होतं. तेल क्षणात आत गेलं. "आमेन," देवमन स्पष्ट म्हणाला. मग त्यानं बायकोच्या खाटेकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठं त्याला रडू फुटलं.

मित्रांनो, मी अजून फादर किशोर यांच्या खिशातच आहे. पुढच्या वर्षी ते पुन्हा अमरावतीला जातील, रांगेत उभे राहतील, बिशप विचारतील आणि ते तयार आहोत म्हणतील. तेव्हा त्यांच्या मनात काय येईल ते त्यांचं त्यांना माहीत. माझी विनवणी तुम्हाला आहे. मला घासून लखलखीत ठेवा असं मी म्हणत नाही. काळी पडले तरी माझं काही अडत नाही. पण तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्याच्यासमोर माझं नाव घ्यायला भिऊ नका. आजारी माणसानं पाणी मागितलं की पाणी द्या आणि माणूस मागितला की माणूस बोलावून द्या. मग तो फादर असो, बहीण असो, नाहीतर भांडून गेलेला भाऊ असो. आणि बोलावणं तुम्हाला आलं तर ताट झाकून ठेवा आणि निघा. आजारी माणूस डोळ्यांनी पाहू शकतो, तोंडानं आमेन म्हणू शकतो, तोवर पोचा. नंतर जे काही कराल ते अंगणात जमलेल्या लोकांच्या कामाचं असतं, त्याच्या कामाचं नसतं.